धरणाचा मासा, दर्याचा मासा

दाजींनी सुरमईचा पहिला घास घेतला, काटा-चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "काय हो पाव्हणं, मीठ-मिरची इसरले का काय हे लोक?"

मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ, दोन रात्रींचा मुक्काम. अक्का-दाजींच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून भाच्यांनी तिकिटं काढून दिली होती आणि सोबतीला मला जोडून दिलं होतं. वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाशेजारी, सीफूडचा एक साधासा ठेला होता. खालच्या मोठ्या हॉलसारखा थाट नाही. चपला घालून जा, उंच स्टुलावर बसा, समोरच्या तव्यावर भाजून देतात. तिकिटातल्या जेवणात हे येत नाही, बिल वेगळं. दाजींना तेही लागलं असणार.

सुरमई चांगली होती. वर लोणी, लिंबू, जराशी मिरपूड, बस्स. पण दाजी पैठणचे. नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या काठावर वाढलेला माणूस. त्यांच्या लेखी मासा म्हणजे कांदा-खोबरं भाजून केलेला लालभडक रस्सा, त्यावर तेलाचा तवंग आणि चुरलेली ज्वारीची भाकरी. "मासा म्हणजे मासा, नदीचा काय अन् समुद्राचा काय," असं ते म्हणाले, आणि माझं डोकं तिथंच अडकलं. मराठवाड्यात बहुतेकांना असंच वाटतं. त्याला कारणही आहे. आमच्याकडं समुद्र आला तो वाळून आला. आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेली सुकट आणि काड्यांसारखे बोंबील, एवढीच समुद्राची ओळख. ओला मासा म्हटलं की धरणाचा: रोहू, कटला, मरळ, वाम, चिलापी.

पण हे दोन मासे एक नव्हेत. फरक मसाल्याच्या आधीचा आहे, पाण्यातला.

रात्री भिजत घातलेले हरभरे सकाळी टम्म फुगतात. लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना तासाभरात पाणी सुटतं. नदीचा मासा जन्मभर त्या हरभऱ्याच्या जागी असतो आणि समुद्राचा मासा त्या कैरीच्या. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश, मग मासा नदीचा असो की समुद्राचा. म्हणजे नदीच्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सारखं शिरत राहतं आणि ते त्याला पातळ लघवीवाटे फेकत बसावं लागतं. समुद्राच्या माशाच्या अंगातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं. तो समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. म्हणून समुद्राचा मासा समुद्राइतका खारट लागत नाही. दाजींना हे पटलं नाही. त्यांच्या मते सुरमई आधीच खारट असते, म्हणून आचाऱ्यानं मीठ टाकलं नव्हतं.

चवीची गोष्ट पुढं आहे. खाऱ्या पाण्यात तोल राखायला समुद्रातले जीव आपल्या पेशींत काही द्रव्यं साठवून ठेवतात. कोणी कमी, कोणी जास्त. कोळंबी, खेकडे, शिंपल्यांत ती भरपूर असतात. त्यातलं एक ग्लायसिन, जे जिभेला गोड लागतं. ताज्या कोळंबीला जी गोडसर चव असते, ती बरीचशी याचीच. थोडक्यात, समुद्राचा मासा पाण्यातूनच थोडा मुरून येतो. त्याला लोणी-लिंबू पुरतं, कारण आचाऱ्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. धरणाच्या रोहूत हे कमी. त्याचं मांस सौम्य असतं, मसाला मागणारं. तेव्हा आमच्या रश्श्यातलं तिखट म्हणजे गावंढळपणा नव्हे आणि जहाजावरचा आचारी काही विसरलेलाही नव्हता.

आता वासाकडं येऊ, कारण माशाची खरी भांडणं वासावरूनच होतात.

समुद्राच्या माशाने साठवलेल्या द्रव्यांत एक आहे ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. नाव लांबलचक, पण त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि तोच तो वास, जो शेजाऱ्यांना सोसायटीच्या मीटिंगपर्यंत घेऊन जातो. मुशीत, म्हणजे लहान शार्कमध्ये, तर युरियाही साठवलेला असतो, म्हणून ती शिळी झाली की अमोनियासारखी नाकात जाते. नदीच्या माशात ते ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड फारच थोडं, त्यामुळं त्याला तो दर्प येत नाही. त्याला येतो चिखलाचा वास. कटला घरात आला की आमची आई पहिल्यांदा हेच म्हणायची, "गाळाचा वास यायलाय." हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात, माशाच्या कल्ल्यांतून ते चरबीत जाऊन बसतं. माणसाचं नाक ते लाख कोटी भागांत पाच-दहा भाग इतकं कमी असलं तरी पकडतं.

आणि गंमत अशी की मृगाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून जो वास उठतो, ज्याची मराठवाडा मे महिनाभर आभाळाकडं बघत वाट पाहतो, त्यातही हेच जिओस्मिन असतं. अंगणात आला तर डोळे मिटून छाती भरून घ्यायचा, ताटात आला तर चिंच ओतायची. शास्त्रज्ञांनी या द्रव्याला हे नाव दिलं १९६५ साली. त्याच वर्षी ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण मला हा योगायोग आवडतो.

दोन्ही वासांवर उतारा मात्र एकच: आंबट. कोकमाने, लिंबाने, चिंचेने ट्रायमिथाइलअमाइन बांधलं जातं, उडून नाकापर्यंत पोचत नाही. आणि आंबटात जिओस्मिनचंही रूप बदलतं, वास मरतो. कोकणातल्या बाईनं बांगड्याला कोकम लावलं आणि पैठणच्या बाईनं रोहूला हळद-मीठ-लिंबू चोळून अर्धा तास झाकून ठेवलं, तर हातातली युक्ती एकच असते, पळवलेला वास वेगवेगळा.

काट्यांचं थोडक्यात सांगतो. रोहू-कटल्यात मांसाच्या आत सुटे, बारीक, वाय अक्षरासारखे दुफाट काटे असतात. पाठीच्या कण्याला ते चिकटलेले नसतात म्हणून एका झटक्यात निघत नाहीत. सुरमई-पापलेटचा मधला काटा उचलला की काम झालं. अर्थात समुद्रातही पाला (हिलसा) आहे, त्याचे काटे काढताना रोहू बरा वाटावा. आणि नदीत मरळ आहे, काटा कमी, पाण्याबाहेर हवा घेऊन जगणारी, म्हणून बाजारात टोपलीत वळवळती मिळते. आमच्या भागात मृगाला मासे खायची रीत आहे. त्या दिवसात मरळीचा भाव विचारू नये. तेव्हा किनाऱ्यावर मात्र १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, होड्या ओढून ठेवलेल्या.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो नावांनी. वाम घ्या. गोदावरीत वाम मिळते, सापासारखी लांब, पाठीवर बारीक काट्यांची रांग. कोळी लोकही एका माशाला वाम म्हणतात, तोही लांबच, पण समुद्रातला, दात विचकणारा, पार वेगळ्या कुळातला. पाहुण्याने "वाम खाल्ली" म्हटलं, तर कुठली, हे विचारल्याशिवाय पुढं बोलू नये. झिंग्याचं त्याहून अवघड. ठेल्याच्या पाटीवर "स्कॅम्पी" लिहिलं होतं. आपल्याकडच्या व्यापारात स्कॅम्पी म्हणजे गोड्या पाण्यातला मोठा, निळ्या लांब नांग्यांचा झिंगा. युरोपात स्कॅम्पी म्हणजे समुद्रातला छोटा लॉबस्टर. अमेरिकेत लसूण-लोण्यात परतलेल्या कोळंबीलाच तसं म्हणतात. जहाजावर आलं ते हे तिसरं. दाजींनी एक उचलली, सोलली, चाखली आणि पहिल्यांदा मान डोलावली. "हे बरंय. गोड लागायलंय." ते ग्लायसिन होतं, पण मी गप्प बसलो.

फिश अँड चिप्समध्ये त्यांनी खरी बाजी मारली. कुरकुरीत पांढरा तुकडा खाऊन म्हणाले, "हा मासा वळखीचाय." वेटरला विचारलं तर म्हणाला, बासा. विलायतेत या पदार्थाला कॉड किंवा हॅडॉक लागतो, दोन्ही थंड समुद्रातले. बासा या नावाने हॉटेलांत जो येतो तो बहुधा पंगस, मूळचा मेकाँग नदीकडचा, गोड्या पाण्यातला. आपल्याकडंही तळ्यांत पाळतात, मराठवाड्याच्या बाजारात विकायलाही येतो. अरबी समुद्राच्या मधोमध बसून दाजींनी नदीचाच मासा ओळखून काढला होता. त्यानंतर दिवसभर त्यांचा आवाज थोडा चढाच होता.

त्यांनी वेटरला आणखी एक प्रश्न विचारला, जो माझ्याही मनात होता: जाळं कुठून टाकता? पोरगं हसलं. क्रूझवर कोणी मासे धरत नाही. माल बंदरात चढतो, पुष्कळसा गोठवलेला, उणे १८ अंशांच्या खोल्यांत राहतो. समुद्रात बसून खातोय म्हणजे ताजा खातोय, हा निव्वळ समज. तसं पाहिलं तर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जायकवाडीत पहाटे जाळं ओढणाऱ्या भोयाकडून दाजी नऊ वाजता जो रोहू आणतात, तो त्या सुरमईपेक्षा कितीतरी ताजा. गोठवण्याचा एक फायदा मात्र खरा. कच्च्या माशाचे पदार्थ करायचे तर तो आधी उणे २० अंशांत ७ दिवस ठेवतात, त्याने आतले जंत मरतात. शेजारच्या काउंटरवर सुशी होती. भाच्यांच्या नादाने घरी धरणाच्या माशाची करू पाहणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. गोड्या पाण्यातल्या माशात यकृतात घर करणारे चपटे कृमी असू शकतात. तो शिजवूनच खायचा.

अक्काचा मुद्दा वेगळाच होता. तिच्यापुढं पांढऱ्या सूपचा वाडगा आला, चाउडर म्हणतात ते. आत शिंपल्यांचं मांस, बटाटे, आणि दूध-साय. दूध कळलं तशी तिनं वाडगा दोन्ही हातांनी दूर सारला. मासे आणि दूध एकत्र म्हणजे अंगावर कोड उठणार, हे आम्ही सगळे ऐकत वाढलो. चरकसंहितेत हा विरुद्ध आहार सांगितला आहे, तेव्हा अक्काच्या मागं भक्कम परंपरा आहे. आजचे त्वचारोगतज्ज्ञ मात्र सांगतात की कोड शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळं होतो, दूध-माशाचा त्यात हात नाही. मी तिचा वाडगाही संपवला. छान होतं. अक्का पुढचे दोन दिवस माझे हात निरखत होती.

परत आल्यावर दाजींनी संभाजीनगरच्या बाजारातून सुरमई आणली, मुंबईकडून बर्फात साडेतीनशे किलोमीटर आलेली, आणि अक्काला नेहमीचा रस्सा करायला लावला. रोहूच्या हिशेबाने उकळला. तुकडे कोरडे पडले आणि चव काळ्या मसाल्याखाली कुठं गेली कळलं नाही. रस्सा उत्तम झाला होता. त्यात मासा नसता तरी चाललं असतं. समुद्राच्या माशाचा रस्सा करायचाच तर मसाला निम्मा करावा, आधी रस्सा पुरा शिजवून घ्यावा आणि तुकडे शेवटच्या पाच-सात मिनिटांत सोडावेत.

जेवताना मी त्यांना पुलसाची गोष्ट सांगितली. समुद्रातला पाला पावसाळ्यात अंडी घालायला गोदावरीच्या मुखातून वर चढतो. आंध्रात राजमुंद्रीजवळ, धवळेश्वरमच्या बंधाऱ्याखाली तो जाळ्यात सापडतो, तेव्हा त्याला पुलसा म्हणतात. खारं पाणी सोडून गोड्यात आला की त्याची चव बदलते, असं तिथले खवय्ये शपथेवर सांगतात. मंगळसूत्र विकून का होईना पण पुलसा खावा, अशी तेलुगूत म्हणच आहे. अर्धा दर्याचा, अर्धा नदीचा, आणि नदी आपलीच.

"मग पैठणपर्यंत का येत नाही?" दाजींनी विचारलं. मधे बंधारे किती आणि धरणं किती, ते मी मोजून दाखवायला लागलो. त्यांनी हात वर करून थांबवलं. "ते येत नसंल तर आपण जाऊ."

पुढच्या श्रावणाआधी राजमुंद्री ठरली आहे. सोबत काळ्या मसाल्याची पुडी न्यायची की नाही, यावर अक्काचं आणि त्यांचं अजून जमलेलं नाही.