ऑडिशन टेपसाठी येताना डायलॉगसोबत अख्खा मेसेज आणा

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत ऑडिशन टेप, म्हणजे कास्टिंगवाल्यांना पाठवायचा व्हिडिओ, शूट करायला येणाऱ्या कलाकारांसाठी

आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ लायटिंगमध्ये जात नाही, पाठांतरातही जात नाही. ऑडिशन कळवणाऱ्या कास्टिंग कोऑर्डिनेटरच्या मेसेजमधला फक्त डायलॉग आम्हाला फॉरवर्ड होतो आणि त्याच्या वरची माहिती तुमच्या फोनमध्येच राहते, त्यात वेळ जातो.

अलीकडचंच उदाहरण. डायलॉग होता, ‘खरं सांग, कुठे होतीस?’ कलाकाराने तो दरडावून, पोलिसी आवाजात केला. टेक उत्तम झाला. फाइल पाठवायच्या वेळी मूळ मेसेज उघडला, तर समोर आठ वर्षांची मुलगी, शाळेतून घरी यायला उशीर झालेला, आणि बाप घाबरलेला. शिवाय साधा फिकट शर्ट, दाढी नको, इंट्रोमध्ये, म्हणजे स्वतःची ओळख देताना, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू (प्रोफाइल) आणि तारखांची उपलब्धता. म्हणजे झालेलं सगळं वाया. कलाकार सलूनमध्ये जाऊन आला, शर्ट बदलला, पुन्हा शूट केलं आणि टेप पाठवायची वेळ तोवर टळून गेली होती. काम चांगलं असूनही संधी गेली, याचं आम्हालाही वाईट वाटतं.

म्हणूनच मूळ मेसेज पाहिल्याशिवाय आम्ही कॅमेरा सुरू करत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. पण कास्टिंग करणारा माणूस ‘कोण छान बोलतं’ एवढंच शोधत नसतो, त्या भूमिकेत कोण बसतं ते शोधत असतो, आणि ती भूमिका डायलॉगच्या वरच्या चार ओळींत असते. वय किती दिसायला हवं, भाषा कोणत्या भागातली, आधी ठरलेल्या आईशेजारी मुलगी शोभेल का, उंचीचा मेळ बसेल का, हे सगळं बघून शॉर्टलिस्ट होते. मग कॉलबॅक (पुन्हा बोलावणं), लूक टेस्ट (भूमिकेच्या वेशात चाचणी) आणि शेवटी लॉक, म्हणजे निवड पक्की. दिग्दर्शकापर्यंत पोचणाऱ्या टेप मोजक्याच असतात.

भूमिकेत बसणारा माणूस शोधणं आजचं नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ करताना दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी उभं केलं. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही रंगवले. पुढे प्रभातसारख्या कंपन्यांनी नट पगारावर ठेवले, तेव्हा निवड बरीचशी कंपनीच्या आवारातच व्हायची. त्यानंतरही बराच काळ ओळख, नाटकातलं काम आणि निर्मात्याचा शब्द यांवर भूमिका ठरत. कास्टिंग डायरेक्टर हे वेगळं काम हिंदीत नव्वदच्या दशकात ठळक झालं. ‘बँडिट क्वीन’चं कास्टिंग तिग्मांशू धुलिया यांनी केलं, आणि सीमा बिस्वास, मनोज बाजपेयी, निर्मल पांडे असे रंगभूमीवरचे कलाकार त्यात दिसले. या कामासाठी स्वतंत्र ऑस्कर देण्याचा निर्णय तर थेट २०२४ मध्ये जाहीर झाला. आम्हाला विचाराल तर फार उशिरा.

टेपमुळे ठाणेकरांचा मोठा फायदा झाला आहे. पूर्वी दोन मिनिटांच्या ऑडिशनसाठी लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने वर्सोवा, मग कास्टिंग ऑफिसं असलेल्या आरामनगरच्या गल्ल्यांतली रांग, असा दिवस जायचा. आता पहिली फेरी इथूनच होते. पण आरामनगरात चूक झाली तर समोरचा माणूस ‘असं नको, असं करा’ म्हणायचा. टेपला तो माणूस नसतो. जे शूट झालं तेच गेलं.

आमच्याकडे क्यू द्यायला, म्हणजे समोरच्या पात्राचे संवाद वाचायला, प्रायोगिक नाटकात काम केलेली व्यक्ती असते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. ती लेन्सच्या अगदी शेजारी बसते, म्हणजे तुमची नजर कॅमेऱ्याजवळ राहते आणि दोन्ही डोळे दिसतात. इंट्रो मात्र थेट लेन्समध्ये बघून. घरी भाऊ किंवा मैत्रीण मोबाइलमागून सपाट आवाजात वाचते तेव्हा नेमकी प्रतिक्रिया मरते, आणि कास्टिंगवाले तुमचं ऐकणंही तितकंच बघतात. ब्यूटी फिल्टर आणि पार्श्वसंगीत आम्ही लावत नाही, आग्रह करू नये. लूक टेस्टला तुम्हीच जाणार आहात, फिल्टर नाही.

आणखी एक, स्पष्टच. आम्ही टेप शूट करण्याचे पैसे घेतो, काम मिळवून देण्याचे नाही. ऑडिशनला बसवण्यासाठी, ‘रजिस्ट्रेशन’साठी किंवा रोल पक्का करण्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मेसेज शंकास्पद वाटला तर आम्हाला दाखवा. बघून मत देण्याचे आम्ही काही घेत नाही.

वेळ घेतानाच मेसेज जसाच्या तसा फॉरवर्ड करा. स्क्रीनशॉट चालेल, पण वरपासून खालपर्यंत. कपड्यांचे दोन पर्याय आणा, एक साधा आणि एक भूमिकेच्या जवळचा, त्यावर बारीक चौकडी नको. मेसेज आधी मिळाला तर क्यू देणारी व्यक्ती सीन वाचून येते आणि नेहमीच्या तासाभरात दोन वेगळ्या ढंगाचे टेक आरामात होतात. मेसेज न पाठवल्यामुळे पुन्हा शूट करावं लागलं तर अर्धं शुल्क लागेल. आमच्या चुकीने झालं तर काहीच नाही. नोकरी सांभाळून ऑडिशन देणाऱ्यांसाठी संध्याकाळी सातनंतरच्या वेळा राखून ठेवल्या आहेत, त्या लवकर भरतात.