एडी आणि होल: उलट येणारे पाणी ओळखताना

पावसाळ्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या म्हादई नदीवर कयाक घेऊन उतरणाऱ्याने नदीतील बचाव शिकताना एडी (अडथळ्यामागे आडवे फिरणारे पाणी) आणि होल (बुडालेल्या अडथळ्याखाली उभे फिरणारे पाणी) यांतला फरक आधी पक्का करावा, कारण दोन्हीकडे पाणी प्रवाहाच्या उलट येताना दिसते आणि गढूळ पुरात तर दोन्हींवर सारखाच फेस असतो. एडीत थांबून बचाव करायचा असतो. होलमधून माणसाला बाहेर काढायचे असते.

पाण्याबाहेर डोके काढलेल्या खडकामागे किंवा काठाच्या वळणाआड एडी तयार होते आणि तिथले पाणी जात्यासारखे आडवे फिरते. एडी लाइन, म्हणजे एडी आणि मुख्य प्रवाह यांच्यामधली सीमा, तिरकी ओलांडून, वळणाच्या आतल्या बाजूला कललेल्या कयाकने आत शिरले की थांबून पुढचा टप्पा न्याहाळता येतो.

होलमध्ये हेच चक्र उभे असते. बुडालेल्या खडकावरून कोसळलेले पाणी तळाने पुढे निघून जाते, पृष्ठभागावरचे मात्र पुन्हा कोसळत्या धारेकडे ओढले जाते आणि तरंगणाऱ्या माणसालाही सोबत नेते. शिवाय फेसात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटचा आधारही कमी पडतो. होलची दोन्ही टोके प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर कडेने निसटता येते. ती उगमाकडे वळलेली असतील तर पाणी माणसाला पुन्हा मध्यावर आणते. बंधाऱ्याखालचे होल सर्वांत घातक, कारण ते बहुधा या काठापासून त्या काठापर्यंत सलग असते आणि वरून येणाऱ्याला केवळ एक गुळगुळीत आडवी रेषा दिसते. गोव्यातल्या नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. बंधारा दिसताच काठाला लागून कयाक खांद्यावर घ्यावी. इथे धाडस दाखवण्यासारखे काही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

होलमध्ये सापडलेल्याने सरळ पुढे पोहण्यात दम घालवण्याऐवजी कडेकडे सरकावे. बचाव करणाऱ्याने थ्रो बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) काठावरून, होलच्या थोड्या खालच्या बाजूने फेकावी आणि दोर हातात धरावा, कमरेला किंवा मनगटाला बांधू नये. सुटलेल्याला दोराने ओढत खालच्या एखाद्या एडीत आणावे. तिथे पोहोचेपर्यंत त्याने पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवून पाठीवर तरंगत राहावे, कारण गुडघाभर पाण्यातही उभे राहायला गेल्यास पाय खडकांच्या फटीत अडकून मागचा लोंढा माणसाला तोंडावर पाडतो.