रोल धुवायला देताना: ग्रेन, कॉन्ट्रास्ट आणि पाकिटावरचा आकडा

बडोद्यातल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर धुवायला येणाऱ्या कृष्णधवल रोलच्या पाकिटांवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं: ‘ग्रेन कमी, कॉन्ट्रास्ट चांगला’. ग्रेन म्हणजे फोटोत दिसणारे फिल्मचे दाणे. काही जण डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं नावही सुचवतात. सूचनांना आमची हरकत नाही, उलट आवडतात. पण ज्या आकड्यावाचून यातली एकही सूचना पाळता येत नाही तोच पाकिटावर नसतो: रोल कोणत्या आयएसओवर (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील धरली त्या आकड्यावर) काढला.

डबीवर ४०० छापलंय, ते आम्हालाही दिसतं. तुम्ही कॅमेऱ्यावर काय लावलं होतं ते हवं आहे. फिल्म बनवणाऱ्या इल्फर्डच्या तक्त्यात त्यांच्या एचपी५ प्लस या ४०० च्या फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या स्टॉक (वरून पाणी न मिसळलेल्या) द्रावणात २० अंशांवर साडेसात मिनिटं दिली आहेत, रोल ४०० वर काढला असेल तर. तोच रोल १६०० वर काढला असेल तर चौदा. फिल्म तीच, डेव्हलपर तोच, वेळ जवळजवळ दुप्पट. चारशेचा रोल चौदा मिनिटं धुतला की आकाश आणि पांढरे कपडे निगेटिव्हवर इतके दाट होतात की प्रिंटमध्ये कोरा कागदच दिसतो, आणि ग्रेन फुगतो तो वेगळाच. उलट केलं तर निगेटिव्ह पातळ, मळकट.

‘मग बघत बघत धुवा ना,’ असं बरेच जण सुचवतात. प्रिंटचा कागद लाल दिव्यात बघता येतो. आजची फिल्म सगळ्या रंगांचा प्रकाश पकडते, म्हणून ती ठार काळोखात टाकीत जाते आणि चित्र पक्कं करणाऱ्या फिक्सरनंतरच बाहेर येते. तोपर्यंत बघण्यासारखं काही नसतं, आणि नंतर बघून उपयोग नसतो. त्यामुळे आकडा नसलेला रोल आम्ही बाजूला ठेवतो आणि फोन करतो. फोन लागत नाही, त्या दिवसाची बॅच निघून जाते, आणि पुढच्या आठवड्यात ‘तुमच्याकडे फार वेळ लागतो’ हे आम्हीच ऐकतो.

याहून अवघड म्हणजे मिश्र रोल. नवरात्रात असे ढिगाने येतात. रात्री गरबा १६०० वर काढला, उरलेल्या फ्रेम दुसऱ्या दिवशी कमाटीबागेत भर उन्हात ४०० वर. डिजिटल कॅमेऱ्याची सवय आहे, समजू शकतो. पण फिल्मची पट्टी अख्खी एकाच द्रावणात जाते. एकाच कुकरला राजमा आणि पालक लावल्यावर शिट्ट्या कोणाच्या हिशेबाने मोजायच्या? असा रोल आला की आम्ही विचारतो, यातल्या कोणत्या फ्रेम महत्त्वाच्या? त्या सांभाळतो, बाकीच्यांचं जे होईल ते होईल. ‘दोन्ही महत्त्वाच्या’ असं उत्तर आलं तर ८०० धरून मायक्रोफेन या डेव्हलपरमध्ये धुतो. दोन्हीकडे थोडं थोडं बिघडतं. यावर जादूचा डेव्हलपर नाही. कोणी आहे म्हणालं तर त्यांच्याकडे जरूर द्या आणि निगेटिव्ह आम्हालाही दाखवा.

ग्रेन कोणाच्या हातात?

मुख्यतः फिल्मच्या. एफपी४ प्लस किंवा डेल्टा १०० अशी मंद (कमी आयएसओची) फिल्म घातली तर जो बारीक ग्रेन मिळेल तो एचपी५ मधून कोणत्याही बाटलीने निघणार नाही. डेव्हलपर त्या दाण्याच्या कडा थोड्या मऊ किंवा थोड्या धारदार करतो, एवढंच.

आमच्याकडे रोजच्या कामाला आयडी-११ असतो. डी-७६ मागणाऱ्यांनी नाराज होऊ नये, दोघांचं सूत्र व्यवहारात एकच. यात लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असतं. ते चांदीचा दाणा किंचित विरघळवतं, म्हणून स्टॉक द्रावणात ग्रेन मऊ दिसतो. तेवढंच पाणी घालून १+१ केलं की हा परिणाम कमी होतो, ग्रेन जरा उघडा पडतो आणि कडा जास्त स्पष्ट येतात. आम्ही १+१ च वापरतो, आणि एकदा वापरलेलं द्रावण फेकून देतो.

‘पाणी मिसळून पैसे वाचवता का’ असं एकाने हसत हसत विचारलं होतं, म्हणून खुलासा. मे महिन्यात बडोद्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला कोणत्या तापमानाने येतं ते तुम्हाला माहीत आहे. बर्फ लावून आम्ही ते उतरवतो, पण काही दिवस चोवीस अंशांवर समाधान मानावं लागतं. चोवीस अंशांवर स्टॉकचा वेळ घटून पाच मिनिटांच्या आसपास येतो, आणि इतक्या कमी वेळात फिल्म एकसारखी धुतली जात नाही; आकाशात पट्टे येतात. १+१ ला २० अंशांवर तेरा मिनिटं लागतात, चोवीसवरही नऊ-दहा हाती राहतात. शिवाय प्रत्येक रोलला ताजं द्रावण मिळतं, आधीच्या रोलांनी थकवलेलं नाही.

बाकीच्या बाटल्या मागितल्यावर निघतात. रोडिनल १८९१ पासून चालत आलेलं आहे, आता निरनिराळ्या नावांनी मिळतं. ते दाणा विरघळवत नाही, त्यामुळे मंद फिल्मवर सुरेख धार येते आणि ४०० च्या फिल्मवर ग्रेन अंगावर येतो. काहींना तोच हवा असतो, फाइन आर्ट्सच्या मुलांना विशेषतः. परसेप्टॉल ग्रेन खरोखर बारीक करतं, पण बदल्यात फिल्मची स्पीड (प्रकाशाची संवेदनशीलता) खातं. एचपी५ साठी २५० धरून फोटो काढलेले असावे लागतात. म्हणजे परसेप्टॉल हवं हे रोल भरतानाच ठरवायचं. ४०० वर काढून आणल्यावर मागितलंत तर सावल्या रिकाम्या येतील, आणि आम्ही तसं तोंडावर सांगू. मायक्रोफेन याच्या उलट, पुशसाठी, म्हणजे डबीवरच्या आकड्याहून वरच्या आयएसओवर काढलेल्या रोलसाठी. ते अर्ध्या स्टॉपच्या आसपास खरी स्पीड वाढवून देतं (एक स्टॉप म्हणजे आयएसओ दुप्पट; ४०० ते १६०० दोन स्टॉप). १६०० ला लागणारा बाकीचा दीड स्टॉप फक्त कॉन्ट्रास्टमधून ओढलेला असतो. ज्या सावलीत प्रकाश पोचलाच नाही ती कितीही धुतली तरी उजळत नाही. गरब्यातल्या चनिया-चोळीवरचे आरसे चमकतील, मागची गर्दी काळीच राहील. आम्हाला ते छान वाटतं. तुम्हाला नको असेल तर १६०० ऐवजी ८०० वर काढा आणि जरा हलणारे हात चालवून घ्या.

(आजोबांच्या कपाटात उटीच्या कारखान्याचा जुना इंदू रोल सापडला असेल तर तो यातल्या कशातच टाकायचा नाही. तो घेऊन या, बोलू.)

कॉन्ट्रास्ट

हा मात्र बऱ्याच अंशी आमच्या हातात आहे, वेळ कमी-जास्त करून. त्यासाठी उजेड कसा होता ते कळायला हवं. चांपानेरच्या जामा मशिदीत खांबांच्या दालनात काळोख आणि अंगणात दुपारचं ऊन, दोन्ही एकाच फ्रेममध्ये हवं असेल तर एचपी५ ला २०० लावून काढा आणि पाकिटावर ‘२००, कडक ऊन’ लिहा. आम्ही वेळ सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करतो. सावलीतलं कोरीव काम राहतं, अंगणही जळत नाही. श्रावणातल्या ढगाळ दिवसांचा रोल असेल तर ‘मळभ’ एवढा एक शब्द पुरतो, वेळ थोडा वाढवू. काहीच लिहिलं नाहीत तर निगेटिव्ह जरा सौम्यच काढतो. सौम्य निगेटिव्हचं स्कॅन आणि प्रिंट दोन्हीत कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, जळालेलं आकाश परत आणता येत नाही.

महत्त्वाचा रोल असेल, लग्नाचा किंवा पदवीच्या प्रदर्शनाचा, तर आधी तुकडा धुऊन बघण्याची सोय आहे. रोलच्या सुरुवातीच्या दोन-तीन फ्रेम जातात, म्हणून त्या मुद्दाम त्याच उजेडात, बिनमहत्त्वाच्या काढून ठेवा.

गरबा आणि दिवसाचं काम दोन्ही करायचं असणाऱ्यांसाठी आम्ही मोठ्या फिल्ममधून बारा फ्रेमचे छोटे रोल भरून देतो. रात्रीसाठी एक, दिवसासाठी एक. छत्तीस फ्रेमचा रोल संपवण्यासाठी उगाच कबुतरं टिपायला नकोत. या डब्यांवर कॅमेऱ्याला आयएसओ सांगणारा कोड नसतो, आणि काही स्वयंचलित कॅमेरे कोड दिसला नाही की १०० धरतात. कॅमेरा तसा असेल तर घेताना सांगा. हव्या त्या आयएसओचं स्टिकर लावून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.