मेस्सीला मिळालेलं इंजेक्शन आलं कुठून?

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांत मेस्सीचे कटआउट उभे राहतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरच्या पोरांना त्याचे गोल तोंडपाठ असतात. पण दहा-अकरा वर्षांचा असताना त्याच्या शरीरात वाढीचं हार्मोन पुरेसं तयार होत नव्हतं आणि तो रोज रात्री पायात इंजेक्शन घ्यायचा, हे फारसं बोललं जात नाही.

आपल्याकडे पोरगं उंचीला राहिलं की उपाय ठरलेला. गंगावेशीत नेऊन धारोष्ण दूध पाजा, तालमीत घाला. दूध चांगलंच आहे. पण मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथीच हार्मोन सोडत नसेल, तर दूध काय करणार?

1921 साली अमेरिकेत इव्हान्स आणि लाँग यांनी उंदरांना जनावरांच्या पिट्युटरीचा अर्क टोचला, तेव्हा ते अवाढव्य वाढले. माणसांवर मात्र गाई-डुकरांचं हार्मोन चाललं नाही. अखेर 1958 मध्ये बोस्टनच्या मॉरिस राबेन यांनी मानवी हार्मोनने एका 17 वर्षांच्या मुलाची वाढ सुरू झाल्याचं जाहीर केलं.

हे मानवी हार्मोन यायचं शवविच्छेदनातून, मृतांच्या पिट्युटरी गोळा करून. एका मुलाला वर्षभर पुरेल एवढ्यासाठी कितीतरी ग्रंथी लागत. त्यामुळे औषध फक्त अगदी खुरटलेल्या मुलांनाच मिळे. आणि मग 1985 उजाडलं. लहानपणी ही इंजेक्शनं घेतलेली काही तरुण मुलं क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या असाध्य रोगाने दगावली. मृतांच्या ग्रंथींतूनच तो रोग आला होता, आणि शरीरात वर्षानुवर्षं दबा धरून बसला होता. अमेरिकेने आणि ब्रिटनने त्याच वर्षी हे हार्मोन थांबवलं. फ्रान्सने उशीर केला, तिथे शंभराहून अधिक जण गेले. उंची वाढावी म्हणून आईबापांनी विश्वासाने टोचून घेतलेलं औषध होतं ते. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

सुदैवाने जीवाणूंकडून हार्मोन बनवण्याची युक्ती जेनेनटेक कंपनीने साधली होती. त्याला ऑक्टोबर 1985 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मेस्सी जन्मला 1987 मध्ये.

प्रत्येक बुटक्या मुलाला हा आजार नसतो. कधी थायरॉइड असतं, कधी घराण्याचीच उंची बेताची. पण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरही वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात, मग रक्ताच्या तपासण्या होतात. वयात आल्यावर हाडांची वाढीची टोकं जुळून जातात, त्यानंतर इंजेक्शनने उंची वाढत नाही.

आमच्या शेजारच्या मुलाला चौथीतली शाळेची पँट सहावीतही घोट्यापर्यंत येत होती, त्यावरून त्याच्या आईला शंका आली. आता त्यांच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, इंजेक्शनच्या पेनची डबी असते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या दोन खुणा एकमेकींना चिकटलेल्या आहेत. तिसरी त्यांच्यापासून चांगली चार बोटं वर आहे.