कवटीचं हाड काढून ठेवतात तेव्हा

अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना आयसीयूबाहेर कधीकधी सांगितलं जातं, 'मेंदूला सूज आहे, प्रेशर उतरत नाही, हाड काढून ठेवावं लागेल.' हाड म्हणजे कवटीचा तळहाताएवढा किंवा त्याहून मोठा तुकडा. तो खास फ्रीझरमध्ये किंवा रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवतात आणि सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी परत बसवतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, पण तोंडातून प्रश्न एकच निघतो: 'वाचेल ना?'

कवटीत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच असतं, आणि मोठ्या माणसाची कवटी ताणली जात नाही. मेंदू सुजला की आधी पाणी मणक्याकडे सरकतं, शिरांमधलं रक्त कवटीबाहेर सरकतं, त्यामुळे दाब फारसा वाढत नाही. ही सोय संपली की मात्र जराशा सुजेनेही तो झपाट्याने चढतो. एरवी हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. तो फार चढला तर मेंदूपर्यंत रक्त नीट पोचत नाही, त्याने सूज आणखी वाढते, आणि शेवटी मेंदू खालच्या बाजूला सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जातं. हाड काढलं की सुजेला बाहेर जागा मिळते. तर्क इतका सरळ आहे की चाचणी कशाला हवी, असंच वाटावं.

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेल्या 'डेक्रा' चाचणीचे निकाल २०११ मध्ये आले. रुग्ण १५५. दाब २० च्या वर थोडा वेळ राहिला की एका गटात लवकरच हाड काढायची शस्त्रक्रिया करायची, दुसऱ्या गटात नुसते औषधोपचार. दाब उतरला, आयसीयूतले दिवसही कमी झाले. मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच. पण सहा महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेले (मृत धरून) शस्त्रक्रियेच्या गटात ७० टक्के होते, नुसत्या औषधोपचारांच्या गटात ५१ टक्के. शस्त्रक्रियेच्या गटात मुळातच जास्त गंभीर रुग्ण आले होते, असा आक्षेप घेतला गेला आणि त्यात तथ्य होतं. तो हिशेब धरला तर फरक पुसट होतो, पण फायदा काही दिसत नाही.

मग २०१६ मध्ये केंब्रिजच्या पीटर हचिन्सन यांच्या नेतृत्वाखालची 'रेस्क्यू आयसीपी' चाचणी आली. यात ४०८ रुग्ण होते आणि बाकी उपाय थकल्यावरच, दाब २५ च्या वर किमान तासभर राहिला तर हाड काढायचं असं ठरलं होतं. सहा महिन्यांनी औषधांच्या गटात ४८.९ टक्के रुग्ण दगावलेले होते, शस्त्रक्रियेच्या गटात २६.९ टक्के. म्हणजे शंभरामागे २२ जण जास्त जगले.

त्या २२ जणांचं काय झालं, हेही संशोधकांनी लपवलं नाही. साधारण ६ जण भान नसलेल्या, नुसते डोळे उघडे असलेल्या अवस्थेत राहिले. ८ जणांना घरातही सतत कुणीतरी लागत होतं. उरलेले ८ निदान घरापुरते तरी स्वतंत्र झाले.

खरा पेच पुढे आहे. अशा चाचण्यांत 'चांगला परिणाम' ठरवायला ग्लासगो इथे तयार झालेली आठ पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. रूढ हिशेबाने मध्यम अपंगत्व किंवा त्याहून बरी अवस्था म्हणजे चांगला परिणाम. तसं मोजलं तर सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच: शस्त्रक्रियेच्या गटात २७.४ आणि औषधांच्या गटात २६.६ टक्के. या चाचणीने रेषा एक पायरी खाली घेतली. दिवसातले काही तास घरात एकटा राहू शकणारा, पण बाजारहाटाला किंवा प्रवासाला सोबत लागणारा माणूसही 'चांगल्या'त धरला. तेव्हा आकडे झाले ४२.८ आणि ३४.६. वर्षभरानंतर ४५.४ आणि ३२.४.

रेषा आधीच जाहीर केली होती, तेव्हा लबाडीचा प्रश्न नाही. पण ती कुठे आखायची हे कुठल्याही यंत्रातून येत नाही, ते माणसंच ठरवतात. मला ही खालची रेषा पटते. ओसरीवर बसून चहा पिणाऱ्या, नातवंडांना हाका मारणाऱ्या माणसाला 'वाईट परिणाम' म्हणायला जीभ रेटत नाही. मात्र ज्याचं आयुष्य आहे तो त्या घडीला बेशुद्ध असतो. सही करतो भाऊ, बायको नाहीतर मुलगा, तीही घाईत.

डोक्यात रक्त साकळल्यावर ते काढताना हाड लगेच परत बसवावं की बाहेर ठेवावं, यावरची ४५० रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर दोन्ही गट सारखेच निघाले. हाड लगेच बसवलेल्यांत दोन आठवड्यांच्या आत पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागली, न बसवलेल्यांत जखमेच्या तक्रारी जास्त. त्यामुळे मेंदू फार फुगलेला नसेल तर हाड तिथेच बसवायला हरकत नाही, असं आता सर्जन मानू लागले आहेत.

'रेस्क्यू आयसीपी'च्या रुग्णांचा पुढे दोन वर्षांपर्यंत माग काढला गेला, तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बरेच जण सहा महिन्यांनंतरही पायरी-पायरीने सुधारताना दिसले. तोपर्यंत त्यांची उठबस, औषधं, फिजिओथेरपी कुणीतरी सांभाळत होतं. आठ पायऱ्यांच्या त्या मोजपट्टीवर सांभाळणाऱ्यासाठी मात्र एकही पायरी नाही.