बाटलीचं तोंड आणि टँकरचं पाणी

एप्रिल २०१६. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, त्याच आठवड्यात माझी लेक तीन महिन्यांची झाली. पहिल्या फेरीला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर पाणी. लोक स्टेशनावर वाघिणी बघायला गेले होते आणि मी घरात भरलेले हंडे मोजत होते. सात होते. त्यातला एक फक्त बाटलीसाठी.

तेव्हा खासगी नोकरीत बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांची होती. २६ आठवडे झाली ती २०१७ च्या दुरुस्तीनंतर. मी शिकवणीवर रसायनशास्त्र शिकवते. कामावर जायचं म्हणजे दिवसातली दोन पाजणी बाटलीनं होणार हे ठरलेलं होतं. दूध माझंच, काढून ठेवलेलं. पाजणार सासूबाई.

बारशात चार बाटल्या आल्या होत्या. एक सशाच्या आकाराची, वर दोन कान. एक बारीक गळ्याची, दोन्ही बाजूंना कड्या. एकीच्या अंगावर चित्रंच चित्रं. चौथी साधी, रुंद तोंडाची, काचेची. नणंद कंपनीचं नाव बघत होती, नवरा निपल दाबून बघत होता. सासूबाईंनी चारही बाटल्यांच्या तोंडात बोटं घालून बघितली आणि काचेची बाजूला काढली. म्हणाल्या, "ज्या भांड्यात हात जात नाही, त्यात दूध ठेवत नसतेत." दोन म्हशींच्या घरात वाढलेल्या बाईचं ते बोलणं. पुढं मी जेवढं वाचलं, त्यातून त्यांचंच खरं ठरलं.

दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे स्निग्धाचे थेंब आणि प्रथिनं. बाटली रिकामी झाली तरी आतून एक पातळ थर राहतो. त्यावर एकदम गरम पाणी ओतलं की त्यातली काही प्रथिनं घट्ट होतात आणि भिंतीला धरून बसतात. म्हणून आधी गार पाण्यानं खळखळून विसळायचं, मग कोमट पाणी, साबण आणि ब्रश. दूधवाल्यांच्या घरी चरवी अशीच धुतात. बारीक गळ्यात, कड्यांच्या पोकळीत, सशाच्या कानात ब्रश पोचत नाही. तिथं राहिलेली साय नुसतं उकळून निघत नाही. उकळल्यानं जंतू मरतात, पण साय तिथंच राहते आणि पुढच्या वेळच्या जंतूंना खायला-राहायला आयती जागा मिळते.

जंतू वाढतात किती वेगानं, याचा हिशोब मी वर्गात फळ्यावर कितीदा मांडलाय. पोटातला नेहमीचा ई. कोलाय ३७ अंशांना, भरपूर खाद्य असलं तर, साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. चार तासांत १२ वेळा दुप्पट. एकाचे ४,०९६. पण हे ३७ अंश म्हणजे काय ते त्या उन्हाळ्यात घरात कळलं. दुपारी भिंतीवरचा तापमापक ३९ दाखवायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं, काढलेलं आईचं दूध खोलीच्या तापमानाला चार तास टिकतं. ती खोली २५ अंशांची असते. परभणी-लातूरच्या मे महिन्यातली नव्हे.

आईच्या दुधात लॅक्टोफेरिन, लायसोझाइम, प्रतिपिंडं असतात, ती जंतूंना काही काळ रोखून धरतात. म्हणून ते पावडरीच्या दुधापेक्षा जास्त वेळ टिकतं. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं. पण आमच्याकडं भारनियमन. लाइट गेली की मी दुधाचा स्टीलचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पाण्यात ठेवायची. कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळं माठ हवेपेक्षा बराच गार राहतो. तरी त्याच्यावर मी तासाभरापेक्षा जास्त विसंबले नाही. बाळानं तोंड लावलेलं दूध उरलं तर ते ठेवायचंच नाही, कारण लाळेतले जंतू आत गेलेले असतात. अर्धी वाटी दूध मोरीत ओतताना जीव तुटायचा. ते काढायला किती वेळ लागलेला असतो, ते आईलाच माहीत.

बाटली कशाची हा प्रश्न मात्र आता बराच सोपा झालाय. पूर्वी कडक, काचेसारख्या पारदर्शक बाटल्या यायच्या, त्या पॉलिकार्बोनेटच्या. त्यातून बिस्फेनॉल-ए नावाचं रसायन, विशेषतः गरम केल्यावर, दुधात उतरतं आणि शरीरात इस्ट्रोजेन संप्रेरकाची नक्कल करतं. युरोपनं २०११ मध्ये बाळाच्या बाटल्यांत त्यावर बंदी घातली आणि २०१५ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या मानकातूनही पॉलिकार्बोनेट गेलं. आता बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा बघायचा. आठवडी बाजारात काहीच न छापलेली बाटली मिळते, ती स्वस्त असली तरी घेऊ नये असं मी ज्याला-त्याला सांगते.

५ आकड्याच्या बाटलीलाही उकळतं पाणी मानवत नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजलं, तेव्हा अशा बाटल्यांतून लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण दुधात उतरत होते. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. उपाय आपल्या स्वयंपाकघरातलाच आहे. दूध स्टीलच्या भांड्यात कालवायचं, निववायचं आणि मग बाटलीत भरायचं. काचेची बाटली फुटते ही भीती खरी आहे. आमची एक फुटली. बोरोसिलिकेट काच तापल्यावर फार कमी प्रसरण पावते, त्यामुळं ती उकळत्या पाण्यात तडकत नाही. पण फरशीवर पडल्यावर कुठलीही काच ती काचच.

निपलबद्दल थोडंच. रबराचं लवकर चिकट होतं, सिलिकॉनचं टिकतं. 'स्लो फ्लो' हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापानं लिहिते, म्हणून पाकिटापेक्षा लेकराकडं बघावं. गटागटा गिळून ठसका लागत असेल तर भोक मोठं आहे. निपल आत चेपत असेल तर बाटलीत हवा जायला वाट नाही. झाकण पाव फेरा सैल केलं की काम होतं. बाटली आडवी धरून, मधेमधे थांबून पाजलं की पोट भरल्याचं बाळच सांगतं.

आता पाण्याकडं येते, कारण आमच्याकडं बाटलीचा खरा जाच तोच आहे. एका बाटलीसाठी गार पाण्यानं विसळणं, साबणानं धुणं, पुन्हा विसळणं, ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात खदखदून उकळणं. दिवसाला दोन बाटल्या म्हटलं तरी हंडा संपतो. उकळताना बाटली उपडी पडून आत हवा अडकली तर तेवढा भाग कोरडाच राहतो, हेही बघावं लागतं. टँकरचं आणि बोअरचं पाणी क्षाराचं. आठवड्यात पातेल्याला आणि निपलला पांढरी पुटं चढली. पाण्यात विरघळलेला कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडतो आणि न विरघळणारा कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतो. त्या खरखरीत थरात दूध अडकतं, निपलचं भोक बुजतं. मी पातेल्यात अर्धं लिंबू पिळलं. बाटलीच्या भिंतीवरून बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसल्या. आम्लानं कार्बोनेट विरघळत होतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटत होता. दुसऱ्या दिवशी वर्गात हाच प्रयोग सांगितला, तेव्हा पोरी पहिल्यांदाच वहीतून मान वर काढून ऐकत होत्या.

जिथं हंडाभर पाणी नाही, तिथं काय? बीडकडची ऊसतोडीची बिऱ्हाडं दिवाळीच्या आगेमागे निघतात. अंगावरचं लेकरू सोबत कोपीवर, नाही तर गावात आजीजवळ. ओळखीच्या एका आशाताई सांगत होत्या, सकाळी भरलेली बाटली दुपारपर्यंत लेकराच्या तोंडाशी. माशा बसलेल्या. आत म्हशीचं दूध, निम्मं पाणी घालून. म्हशीच्या दुधात प्रथिनं साधारण ४ टक्के, आईच्या दुधात १ टक्क्याच्या आसपास, म्हणून पाणी घालायची ही जुनी रीत. पण पाण्यानं प्रथिनांबरोबर ताकदही निम्मी होते आणि लोह तर त्या दुधात मुळातच नसल्यासारखं. वर्षाच्या आतल्या बाळाचं मुख्य दूध म्हणून ते चालत नाही. त्या बाईला दोष देणं मला जमत नाही. तिला कोयता सोडून दर दोन तासांनी पाजायला बसायची मुभा कोण देतो?

अशा ठिकाणी बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा आणि आपलं बोंडलं त्याहून बरं. चोचीच्या त्या छोट्या भांड्याला कोपराच नाही, दोन बोटांनी पुसलं की स्वच्छ. कमी वजनाच्या ज्या बाळांना अंगावर ओढता येत नाही, त्यांना कपानं, चमच्यानं किंवा अशाच चोचीच्या भांड्यानं पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शनात आहे. सासूबाईंचं चांदीचं बोंडलं ट्रंकेत होतं. लेकीनं पहिले चार दिवस बाटली तोंडात धरलीच नाही ("लेकरू बाटली धरंना गेलंय," म्हणून त्यांचा मला शिकवणीत फोन), तेव्हा तेच निघालं. बाळाला उभट धरून खालच्या ओठावर चोच टेकवायची आणि त्याच्या गिळण्याच्या चालीनं थोडं थोडं दूध पुढं सोडायचं. घाई केली की ठसका. त्यांची घाई कधी झाली नाही.

धाकट्याच्या वेळी आम्ही गावाकडं राहायला आलो होतो, पाणी घरच्या बोअरचं. मधेच माझं ऑपरेशन झालं आणि त्याला तीन आठवडे पावडरीचं दूध द्यावं लागलं. पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्वचित क्रोनोबॅक्टर नावाचा घातक जंतू असतो, म्हणून ती कोमट पाण्यात कालवायची नाही. उकळलेलं पाणी ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायची, मग निववून द्यायचं. तयार दूध दोन तासांच्या आत संपवायचं.

हे सगळं सांभाळलं तरी एक गोष्ट उकळून जात नाही, ती नायट्रेट. शेतातलं खत आणि शोषखड्डे यांतून ते भूजलात उतरतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात आम्ल कमी, तिथले जंतू नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि त्यामुळं रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहू शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. १९४५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात हंटर कोमली यांनी विहिरीच्या पाण्यात कालवलेल्या दुधाशी याचा संबंध दाखवून दिला. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका नाही, दुधात नायट्रेट फार थोडं उतरतं. आपल्याकडं मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. तेवढंच असलेलं एक लिटर पाणी उकळून पाऊण लिटर झालं, तर लिटरमागे ६० होतं.

भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत आम्ही बोअरच्या पाण्याची बाटली नेऊन दिली. अहवाल आला, ६२. मग गावातल्या आरओच्या जारचंही पाणी तपासून घेतलं, ते ११. बोअरचं पाणी धुण्याला आणि बाटल्या उकळायला राहिलं. पावडर कालवायला जारचं, तेही खदखदून उकळून, झाकणाच्या वेगळ्या तांब्यात. त्या तांब्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हे थोरलीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.