साखळी उंच बांधली की ओढ वाढते?

सांगलीकडच्या काळ्या रानात उसाची ट्रॉली रुतली की एक सल्ला हमखास मिळतो, मोबाइलवरही तो फिरत असतो: ‘ड्रॉबार म्हणजे ट्रॅक्टरच्या मागची कुठलीही हूक. साखळी जितकी वर बांधाल, तितकी ओढ जास्त.’

यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो टिकलाय. उंचावरून ओढलं की मागच्या चाकांवर भार वाढतो, पकडही थोडी वाढते. पण तो भार येतो पुढच्या चाकांवरून. ती हलकी होतात, स्टेअरिंग ऐकत नाही. तोंड उचललं की एखाद-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटू शकतो; क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

ड्रॉबार म्हणजे मागच्या ॲक्सलच्या खाली असलेली ओढपट्टी. तोंड उचललं तरी तिचं टोक जमिनीकडे जातं आणि उलटवणारा जोर कमी होतो. टॉपलिंकची, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडायची, जागा ओढण्यासाठी नसते.

पडताळा घरीच घ्या, ट्रॅक्टरवर नको. पुठ्ठ्याचं उंच खोकं वरून ढकला, कलंडेल. बुडाशी ढकला, सरकेल. मग टेपनं ॲक्सलच्या मध्याची आणि हुकाची जमिनीपासूनची उंची मोजा. हूक वर भरली, तर साखळी तिथं बांधायची नाही.